बाटलीतल्या दहा सुया

१

भाच्याचं लग्न आटोपून सिस्टर सोमवारी सकाळी कॉलेजच्या आरोग्य केंद्रात आल्या. त्यांनी खुर्ची पुसली, चष्मा पुसला, टेबलावरचा अपघाताचा फॉर्म वाचला, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांचं डोकं फिरलं.

'गुरुवार, सकाळी साडेदहा. कचरा हाताळताना सफाई कामगार मावशींना इंजेक्शनची सुई टोचली. जखमेचं ठिकाण: हात.'

सिस्टर म्हणजे मोठ्या रुग्णालयात तीस वर्षं घालवून इथे आलेल्या बाई. कॉलेजात नर्सिंगचा वर्ग होता, प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा होती, आरोग्य केंद्र होतं, त्यामुळे दवाखान्याचा म्हणावा असा कचरा रोज निघायचा. पट्ट्या-कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात, आणि यातलं काहीही साध्या काळ्या पिशवीत नाही. हे सांगून सांगून त्यांच्या नाकी नऊ आले होते. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातांनी सात फलक लिहून सात ठिकाणी लावले. वाचणारा बहुधा एक परमेश्वरच असावा, असं त्यांचं मत झालं होतं. पण सफाईच्या बायकांना जाड हातमोजे मात्र त्यांनी भांडून मिळवून दिले होते. मग सुई हाताला टोचली कशी?

दार ढकलून मावशी आत आल्या. लंगडत.

"पायाला काय झालं?"

"तेच की. सुई."

"फॉर्मवर हात लिहिलंय."

"फॉर्मवर पाय नव्हताच हो. क्लार्क म्हणाला, बोट किंवा हात, दोनच आहेत, कुठलं ते सांगा. मी म्हटलं घाल हात, तेवढाच मोठा."

सिस्टरांनी डोळे मिटले. "देवा, तूच वाच रे बाबा यांचे फॉर्म. पायाला कशी टोचली?"

"बाटली चिरडताना. बाटल्या पायाखाली चपट्या करूनच टाकायच्या, असा महिन्यापूर्वी हुकूम निघालाय ना. तिन्ही इमारतींच्या काळ्या पिशव्या मागच्या अंगणात रिकाम्या करायच्या, बाटल्या वेगळ्या काढायच्या, आणि नाचायचं त्यांच्यावर. एक पांढरी जाड बाटली होती, फिनेलची असते तशी. दोनदा पाय दिला, तिसऱ्यांदा फुटली आणि सुई चपलेतून वर आली."

"बूट दिलेत ना तुम्हाला?"

"नऊ नंबरचे. माझा पाय पाच नंबरचा. मी चालायला लागते, बूट जागेवरच राहतात."

मावशी स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या तोंडावरचं हसू उतरलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. सुईवर कुणाचं दूषित रक्त असलंच तर शरीरात त्याचा शिरकाव होऊ नये म्हणून. गोळी घेतली की पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता.

"घरी काय सांगितलंत?"

"खिळा टोचला म्हणून. प्राचार्य सर म्हणाले, बाहेर ब्र काढायचा नाही, कॉलेजची अब्रू जाते. नात दहा महिन्यांची आहे. हात पसरते माझ्याकडे. चार दिवस घेतलं नाही तिला."

"मावशी, कडेवर घेऊन काही लागत नाही तिला. माझं ऐका."

"डोकं ऐकतं तुमचं, सिस्टर. हात ऐकत नाहीत." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आजची गोळी घेतली. उद्याची नाही घेणार. होईल ते होईल."

गोळ्या मध्येच सोडून चालणार नव्हतं. त्या थांबवायचा सरळ मार्ग एकच: सुई कुणाची ते शोधायचं, त्या माणसाचं रक्त तपासायचं, आणि ते स्वच्छ निघालं तर डॉक्टरच गोळ्या बंद करतील. हे काम चार दिवसांपूर्वी एका तासात व्हायला हवं होतं.

"ती बाटली कुठे आहे?"

"तीच तर गंमत," मावशी म्हणाल्या. "पाय धुऊन परत आले, तर बाटली नाहीशी."

२

प्राचार्यांच्या खोलीत एसी चालू होता आणि खिडकीही उघडी होती. सिस्टरांना त्या खोलीत शिरलं की नेहमी तेवढ्यानेच अर्धा राग यायचा.

"बाटली सापडली," प्राचार्य म्हणाले. "शनिवारी. बेडूकमामाच्या कपाटात, कुलूप लावून ठेवलेली."

बेडूकमामा म्हणजे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला परिचर. बरणीतल्या बेडकांना औषध टोचून टिकवणं हे त्याचं काम, म्हणून हे नाव. आठ महिन्यांपूर्वी त्याने बेडूक चुकीच्या पिशवीत टाकले होते. सिस्टरांनी त्याला चारचौघांत झापलं, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"त्याच्याकडे सुया असतात. त्यानेच टाकली आणि नंतर लपवली. उद्या निलंबनाचं पत्र देतोय. विषय संपला."

"सर, विषय मावशींच्या पायात आहे. मामाने टाकली असेल, तर त्या सुया माणसाच्या नाहीत, बेडकाच्या. मग मावशी गोळ्या कशाला खातायत?"

प्राचार्यांनी पेपरवेट उजवीकडून डावीकडे ठेवला. "म्हणजे तुम्ही म्हणताय, बंद करूया गोळ्या?"

"मी म्हणतेय, आधी खात्री करूया. तुम्ही कॉलेजात सूचना का नाही काढली? ज्याची सुई असेल त्याने पुढे यावं, एवढंच. नाव गुप्त ठेवू म्हणायचं."

"सूचना काढली की पेपरात येतं, सिस्टर."

"आणि नाही काढली की मावशींच्या रक्तात येतं."

सिस्टरांनी हात पुढे केला. "बाटली द्या. आणि ते पत्र उद्यापर्यंत टंकू नका."

३

बेडूकमामा बरण्या पुसत होता. सिस्टरांना पाहून तो आणखी जोरात पुसू लागला.

"मामा, बाटली तुम्ही का उचललीत?"

"आठ महिन्यांनी बोलताय. बसा तरी."

"मामा."

"मी खिडकीतून बघितलं. मावशी ओरडल्या, नळाकडे पळाल्या. सुपरवायझर आला, बाटली बघितली आणि फोनवर म्हणाला, हो सर, जाळून टाकतो. तो काडेपेटी आणायला गेला, मी बाटली उचलली. पुरावा आहे, म्हटलं सिस्टर आल्या की देऊ. चिमट्याने उचलली हो, हात लावला नाही."

"मग शनिवारी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुठे? कपाट उघडलं, चोर म्हणाले, गेले. आणि तुमचा फोन लागत नव्हता. लग्नात होता म्हणे."

सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. मग हातमोजे चढवले, मामाच्या पांढऱ्या ट्रेमध्ये फुटकी बाटली ठेवली आणि चिमट्याने एकेक वस्तू बाहेर काढली. मामा मोजत होता.

नऊ छोट्या सिरिंजा, केसासारख्या बारीक सुयांच्या. आणि एक मोठी, लांब जाड सुईची. तीच मावशींच्या चपलेतून वर आली होती.

"बेडकाला एवढी बारीक सुई चालते?"

"बेडकाला गुदगुल्या होतील. माझ्या सगळ्या जाड. त्याही मोजून पांढऱ्या डब्यात जातात. तुम्ही झापल्यापासून."

"नर्सिंगच्या मुली?"

"त्यांच्या नाहीत. वापरली की सुई यंत्रात कापायची, अशी सवय आहे मुलींना. या दहाच्या दहा सुया अखंड आहेत."

सिस्टरांनी बाटलीचं झाकण उचललं. त्यावरून पांढरी चिकटपट्टी तीन वेढे घट्ट फिरवलेली होती. बाटलीच्या पोटावर जाड पेनाने, सुबक वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'टोकदार'.

त्या बराच वेळ त्या अक्षराकडे पाहत राहिल्या.

"मामा, डबा जवळ नसेल तर सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळा. बाहेरून 'टोकदार' असं लिहा. हे कुणाचे शब्द?"

मामाने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सिस्टरांचाच फलक होता, त्याने प्लास्टिकमध्ये मढवून लावलेला.

म्हणजे हे बेफिकीर माणसाचं काम नव्हतं. या सबंध कॉलेजात सिस्टरांचा फलक मन लावून वाचणारं एक माणूस होतं, आणि नेमकं त्यानेच मावशींना सुई टोचवली होती.

४

फलक सात. सिस्टर सातही ठिकाणी चालत निघाल्या. उन्हात, गुडघे कुरकुरत असताना, तोंडाने देवाशी भांडत. फलकाची शेवटची ओळ होती, 'भरलेली बाटली कचऱ्यात टाकू नये, आरोग्य केंद्रात आणून द्यावी.' एवढं सगळं मानणाऱ्या माणसाने तेवढंच का मानलं नाही?

वसतिगृहात फलक शाबूत होता. कॅन्टीनबाहेरच्या फलकावर कुणीतरी मिशा काढल्या होत्या, पण ओळी सगळ्या दिसत होत्या. नर्सिंगच्या वर्गात, आरोग्य केंद्रात, व्यायामशाळेत ठीक. प्रयोगशाळेचा मघाशीच पाहिला. उरलं ग्रंथालय.

ग्रंथपालांना सगळे हळूसर म्हणत, कारण दिवसभर ते तेवढा एकच शब्द बोलत. त्यांना मधुमेह आहे हे सिस्टरांना माहीत होतं. मधुमेह आणि बारीक सुया. सिस्टरांच्या मनात लख्ख झालं.

"सर, इन्सुलिन कधीपासून घेताय?"

"हळू. मी गोळ्या घेतो, सिस्टर. सुई बघितली की मी पडतो. मागच्या रक्तदान शिबिरात चहा द्यायला उभा होतो, तिथेच पडलो. तुम्हीच मला उचललंत."

खरंच उचललं होतं.

"पण बरं झालं आलात," हळूसर म्हणाले. "तुम्ही आरोग्य बघता ना? मग इथल्या फ्रिजचं बघा. पाणी गार करायला दिलाय, आणि लोक काय वाटेल ते ठेवतात. एक स्टीलचा डबा, त्यावर 'उघडू नये'. दहा-अकरा दिवस तोच डबा. जेवणाच्या सुट्टीत कोणी काढत नाही. वास नाही, काही नाही. मी म्हटलं, बुरशी येईल. बुधवारी बघतो तर डबाच गेलेला."

"सर, माझ्यापुढे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तुम्ही मला डबा सांगताय."

"हळू," हळूसर म्हणाले.

सातवा फलक ग्रंथालयातल्या बायकांच्या खोलीत होता, सिस्टर रागारागाने तिकडे वळल्या. वाटेत पुस्तकं दुरुस्त करण्याचं टेबल होतं. खिळखिळ्या पुस्तकांचा ढीग, डिंक, आणि पांढऱ्या कापडी चिकटपट्टीचं रीळ. सिस्टर थांबल्या. पट्टी बोटाने चाचपली. विणीची, खरखरीत, कडा दातेरी. बाटलीवर हीच होती.

खोलीत गेल्या. दाराच्या आतल्या बाजूला त्यांचा फलक. त्याच्या खालच्या भागावर हिरव्या रंगाची एक नवी सूचना चार टाचण्यांनी पक्की बसवलेली.

सिस्टरांनी खालच्या दोन टाचण्या काढल्या, कागद वर उचलला. खाली त्यांची शेवटची ओळ होती. सबंध झाकलेली.

मग त्यांनी हिरव्या कागदावर काय लिहिलंय ते वाचलं आणि त्या तिथल्याच बाकावर बसल्या.

'स्वच्छ परिसर मोहीम. प्लास्टिकच्या सर्व बाटल्या काळ्या पिशवीतच टाकाव्यात. सफाई कर्मचारी त्या चिरडून घेतील. आदेशावरून, प्राचार्य.'

५

आता थोडं थांबून, सिस्टरांनी बाकावर बसून जे जुळवलं, ते त्याच क्रमाने ऐका.

ज्याने बाटली टाकली, त्याने फलक वाचला तो याच खोलीत. सातांपैकी शेवटची ओळ फक्त इथेच झाकली होती. खोली बायकांची, म्हणजे बाई. चिकटपट्टी पुस्तकांची, म्हणजे पट्टी ज्या टेबलावर असते तिथे जिचा हात सहज जातो ती बाई.

आणि बाटली. मधुमेहाच्या माणसाला सुया जन्मभर लागतात. तो बाटली काठोकाठ भरेपर्यंत वापरील. ही जेमतेम चतुर्थांश भरलेली, आणि तरी कायमची बंद केलेली. म्हणजे उपचार संपला होता. रोज एक बारीक सुई, शेवटी एकच लांब. फ्रिजात ठेवावं लागणारं औषध, डब्यात, 'उघडू नये' लिहून. डबा बुधवारी गेला, बाटली गुरुवारी अंगणात आली. हळूसरांचा डबा ऐकून त्या उगाच चिडल्या होत्या. देवाने उत्तर हातात आणून दिलं होतं, आणि त्या देवालाच गप्प बसवत होत्या.

रुग्णालयात सिस्टरांनी अशा सुया कितीतरी बायकांना दिल्या होत्या. मूल व्हावं म्हणून.

पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळं कॉलेज वहिनी म्हणायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. 'मग, काही विशेष?' असं त्यांना विचारण्याचा हक्क शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला आहे, अशी सर्वांची समजूत होती. वहिनी गुरुवारपासून तीन दिवस रजेवर होत्या, आज आल्या होत्या.

सिस्टरांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि दाराला कडी लावली.

"वहिनी, मी काही विचारणार नाही. फक्त सांगते. तुम्ही बाटली नीट बंद केलीत, वर लिहिलंत, सगळं बरोबर केलंत. पण ती चिरडली गेली, आणि त्यातली लांब सुई मावशींच्या पायात गेली."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. "मावशी म्हणाल्या खिळा."

"त्यांना तसं सांगायला लावलं."

"सकाळी मीच त्यांना पायाला हळद लावा म्हटलं. माझीच सुई होती, आणि मी त्यांना हळद सांगत होते." वहिनींनी खुर्चीची पाठ धरली. "घरी सासूबाईंना सांगितलं नाही. मागच्या वेळी सांगितलं होतं, तेव्हा झालं नाही. मग महिनाभर घरात सुतक असल्यासारखं. म्हणून इथेच घ्यायचे, तीन वाजता, या खोलीत. रविवारी दवाखान्यातच बोलवायचे. नऊ इथे झाले. शेवटचं घरी न्हाणीघरात घेतलं, सुई पर्समधून आणून बाटलीत टाकली."

"आता कुठपर्यंत आलंय?"

"उद्या. उद्या गर्भ आत सोडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, मन शांत ठेवा."

सिस्टरांना त्या डॉक्टरांचा राग आला, प्राचार्यांचा आला, हिरव्या कागदाचा आला. पण वहिनींनी त्यांना रागवायलाही वेळ दिला नाही. त्यांनी पर्स उघडली, घडी घालून घालून मऊ झालेली एक फाईल काढली आणि सरळ तिसरं पान समोर धरलं.

"उपचार सुरू करण्याआधी दोघांच्याही रक्ताच्या सगळ्या तपासण्या करतात. गेल्या महिन्यातल्या आहेत. सगळ्या स्वच्छ. मावशींना पुरेल का एवढं?"

सिस्टरांनी पान दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

"डॉक्टर ताजं रक्तही मागतील. एक थेंब. तासाभरात कळतं. तुमचं नाव कुणाला सांगायची गरज नाही, फॉर्मवर नुसता क्रमांक टाकू."

"मावशींना सांगायचं," वहिनी म्हणाल्या. "बाकी कुणाला नाही. पण त्यांना मीच सांगणार."

६

चार वाजता सिस्टर प्राचार्यांच्या खोलीत परतल्या. टेबलावर अहवालाचा कोरा कागद होता.

"सापडलं?"

"सापडलं. सुया एकाच माणसाच्या, रक्त स्वच्छ, तपासणी आजची. डॉक्टरांनी मावशींच्या गोळ्या थांबवल्या. मामाने पुरावा जपला, त्याला पत्र नाही, उलट धन्यवाद द्या."

"आणि दोषी? इथे नाव लिहावं लागेल."

"लिहा. दोषी दोन." सिस्टरांनी हिरवा कागद टेबलावर ठेवला. "ही तुमची सूचना. हिने माझी शेवटची ओळ झाकली, बाटली काळ्या पिशवीत टाकायला सांगितलं, आणि वर मावशींना तिच्यावर पाय द्यायला लावला. तिन्ही कामं एकाच कागदाने केली."

"ती शिपायाने लावली. मी फक्त म्हटलं, ठळक जागी लाव."

"त्याने लावली. माझा फलकच त्याला ठळक जागा वाटला. मला बरं वाटायला हवं."

प्राचार्यांनी घसा खाकरला. "आणि दुसरा दोषी?"

"मी." सिस्टर बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "सगळ्यात महत्त्वाची ओळ मी सगळ्यात खाली लिहिली. जागा कमी पडली म्हणून बारीक अक्षरात. ती पहिली हवी होती. माझंही नाव घाला."

प्राचार्यांनी कागद फाडून टोपलीत टाकला आणि बाटल्या चिरडण्याचा आदेश रद्द केल्याचं एक पत्र काढायला घेतलं.

"आणि पाच नंबरचे बूट," सिस्टर म्हणाल्या. "त्याच पत्रात घाला."

बाहेर येऊन त्या नवीन फलक लिहायला ग्रंथालयाकडे निघाल्या, कारण जाड पेन तिथेच होतं. दारापाशी थांबल्या. दुरुस्तीच्या टेबलापाशी मावशी आणि वहिनी उभ्या होत्या. दोघींचे डोळे सुजलेले. वहिनी पुस्तकांचा ढीग उचलायला वाकल्या, तशा मावशींनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला.

"ठेवा ते. उद्याचं काम आहे ना तुमचं? मग आज वाकायचं नाही."

"मावशी, तुमचा पाय."

"माझा पाय माझ्याकडे आहे. तुम्ही बसा." मावशींनी ढीग कपाटावर ठेवला, लंगडत परत आल्या आणि दारात सिस्टर दिसताच म्हणाल्या, "मी पाचला निघते आज. हजेरीच्या फॉर्मवर काय लिहायचं ते लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, नातीला घ्यायला गेली."

फॉर्मवर तसा रकाना नव्हता. सिस्टरांनी मोकळ्या समासात, ठळक अक्षरात लिहून टाकलं.